बुटाच्या पिक्चरचं मध्यंतर

आमच्या घरात त्या सिनेमाचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे ‘बुटाचा पिक्चर’ म्हणायचे. जुना, काळापांढरा, हिंदी. त्यातला बाप श्रीमंत आणि खानदानी. दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी तो त्याच्या पायांकडे बघतो. बूट चकचकीत असले तर ‘आइये’, नसले तर काठीनं फाटक दाखवतो. एखादा चुकून बसलाच तर तो गेल्यावर नोकराकडून खुर्ची पुसून घेतो. त्याच्या मुलीचं एका सायकल दुरुस्त करणाऱ्यावर प्रेम असतं. तो चपला घालून येतो तेव्हा हाकलला जातो. आठवड्यानं तोच माणूस भारी बूट घालून येतो आणि बाप त्याला स्वतःच्या हातानं सरबत देतो. ते बूट बापाचेच असतात. मुलीनं मागच्या दारानं दिलेले.

या सरबताच्या जागी आबा दर वर्षी खुर्चीतून खाली पडायचेच बाकी राहायचे. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. उपरणं तोंडावर धरून म्हणायचे, “आरं, सोताचेच बूट वळखंना! काय माणूस हाय राव!”

नारायणगावपासून जीपनं वीस मिनिटांवर आबांची द्राक्षबाग आहे. हंगामातली शेवटची गाडी भरून गेली की पॅकिंग शेडमध्ये सगळ्या मजुरांना मटणाचं जेवण असे आणि जेवणानंतर पिक्चर. भर दुपारी. शेडच्या तिन्ही बाजूंनी हिरव्या जाळ्या आणि ताडपत्र्या सोडून अंधार करायचा, समोर पांढरं कापड ताणायचं, नारायणगावातून भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर औषधाच्या पिंपावर ठेवायचा. मजूर पालथ्या क्रेटवर बसायचे. आबा खुर्चीवर. हा पिक्चर त्यांनी लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता आणि त्यांच्या मते त्यानंतर कुणी बरा पिक्चर काढलाच नाही. पेन ड्राइव्हला मध्यंतर नसतं. पण पिक्चर म्हटला की मध्यंतर पाहिजेच, म्हणून ते स्वतः हात वर करून पिक्चर थांबवायचे आणि चहा-भजी फिरायची.

मजूर बहुतेक घोडेगावच्या पुढचे, पश्चिमेकडच्या डोंगरातले. तिकडे त्यांचं भात आणि नाचणी. ती कामं आटोपली की घडांच्या विरळणीला, तोडणीला आमच्याकडे यायचे आणि बागेच्या कडेला खोपटी घालून राहायचे. पिक्चरला तेही आबांइतकेच हसायचे. लहानपणी मला ती वर्षातली सगळ्यात छान दुपार वाटे.

मोठी झाले तशी मी पडद्याकडे कमी आणि शेडकडे जास्त बघायला लागले. मजुरांच्या चहाच्या स्टीलच्या पेल्यांना बुडाला लाल रंगाचा ठिपका होता. घरातल्या पेल्यांत ते मिसळू नयेत म्हणून. गावात कुणाच्याही मुलीचं स्थळ निघालं की आबांचा पहिला प्रश्न असे, “गाडी कंची?” दुसरा, “जमीन किती?” आणि तिसरा ते विचारत नसत, कारण त्याचं उत्तर आडनावात मिळे. खुर्ची पुसून घेणाऱ्या बापाला हा माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो कसा, हे मला समजत नव्हतं. पुढे पुढे तर ते हसणं मला सहनच होईना.

मी वाढले पत्रकांवर. अगदी शब्दशः. माझे वडील आबांचे धाकटे भाऊ. त्यांनी शेतीतून अंग काढून घेतलं आणि नारायणगावात छापखाना टाकला. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर घर चालायचं, पण त्यांचा जीव पत्रकांत. कांद्याच्या भावाचं पत्रक, धरणात गेलेल्या गावांचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं, दारूबंदीचं. मुळाक्षरं मी पत्रकांच्या मथळ्यांवरून शिकले. बिघडलेल्या प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझी गणितं असायची. आमच्या घरात भांडणसुद्धा मुद्देसूद होई. त्यामुळे एखादी गोष्ट चुकीची असेल तर ती छापून लोकांना वाटायची, एवढा एकच मार्ग मला माहीत होता. चुकीच्या माणसाशी आधी बोलून बघावं, असं कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आबांची मुलगी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. बी. कॉम. झाल्यावर तीच पॅकिंग शेडचं काम बघायची आणि तिचं एका मुलावर मन होतं. तो नारायणगावातल्या शेती-औषधांच्या दुकानात सल्लागार होता, शेतीतला पदवीधर. आभाळ भरून आलं की आबा त्याला घ्यायला गाडी पाठवायचे. तो पान उलटं करून बघायचा आणि काय मारायचं ते सांगायचा. आबा त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि लोकांना सांगायचे, “डाक्टरचा शब्द म्हंजी शब्द. आमी दुसऱ्याचं आयकत न्हाय.” आता त्याची आई. ती आमच्याच बागेत विरळणीला यायची. वीसेक बायकांची टोळी तीच आणायची. सगळे तिला मावशी म्हणत. डॉक्टर लहानपणी आईबरोबर त्याच खोपट्यांत राहिलेला. जात वेगळी, आणि आबांच्या मोजपट्टीवर खालची.

ताईनं घरात सांगितलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, “बागंपुरता डाक्टर ठीक हाय.”

हे वाक्य मला ताईनं फोनवर सांगितलं आणि माझ्या अंगाची आग झाली. तेव्हा मी पुण्यात एम. ए. करत होते. दर दोन दिवसांनी तिला फोन करून काय करायला हवं ते सांगत होते. कायदा सांगत होते, घर सोडायला सांगत होते. ताई ऐकून घ्यायची. मग फेब्रुवारीत एकदा म्हणाली, “तू यंदा जरा दम धर. माझं मी बघते आहे.”

“बघते आहेस म्हणजे काय करते आहेस?”

“काही नाही. डबा घेऊन बागेत जाते, त्यांच्याजवळ बसते. बोलतात ते हळूहळू. परवा विचारत होते, डॉक्टरच्या गावाला रस्ता डांबरी हाय का म्हणून.”

“म्हणजे गाडी नेता येते का ते बघतायत.”

ताई हसली. “असेल. पण विचारलं ना?”

रस्ता डांबरी आहे का, या प्रश्नाचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. मला त्यात फक्त आबांचा तोरा दिसला आणि ताईच्या हसण्यात तडजोड दिसली. आमच्या पत्रकांत तडजोड हा शब्द नेहमी शिवीसारखा यायचा.

हंगामाच्या शेवटी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘तुम्ही कुणाला हसताय?’ गुलाबी कागद, एक पान. वडिलांनी ते वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग म्हणाले, “वाटायचंच असेल तर स्टँडवर वाट. आपण जिथं जेवायला बसतो तिथं नको.”

“म्हणजे जेवलं की तोंड बंद ठेवायचं?”

त्यांनी गुलाबी कागद मोजून काढला. छापायला घेतलं. त्यांचं गप्प बसणं मी होकार म्हणून धरलं. वडील कागदावर जितके ठाम असत तितके तोंडानं कधीच नसत, हे मला माहीत असायला हवं होतं.

त्या दिवशी शेडमध्ये गेले तेव्हा आबा खुशीत होते. अंगात नवा सदरा. मला बघून म्हणाले, “या, पुढारी! पुण्याचं सरकार पाडून आला का न्हाय?”

“अजून नाही, आबा.”

“मग जेवून घ्या. उपाशीपोटी सरकार पडत नस्तंय.”

सगळे हसले. मीही हसले. बॅगेत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांच्या खुर्चीशेजारी त्या वर्षी आणखी एक खुर्ची होती, रिकामी. कुणी व्यापारी येणार असेल, असं मला वाटलं. डॉक्टर मागे खांबाला टेकून उभा होता. ताई वाढत होती. मावशी आपल्या बायकांत क्रेटवर बसल्या होत्या.

जेवणं झाली, जाळ्या सोडल्या, पिक्चर सुरू झाला. सायकलवाला हाकलला गेला, नोकरानं खुर्ची पुसली, शेड हसली. मग आबांनी हात वर केला. मध्यंतर.

मी गठ्ठा सोडला आणि वाटायला लागले.

“काय गं, पत्रिका का? लगीन काडलंस का काय?” एक बाई म्हणाली.

“नाही, वाचा.”

“आमी काय वाचनार, माये. तूच वाच की.”

“म्होट्यानं वाच,” दुसरी म्हणाली, “ही भजी खाती, हिलाबी ऐकू जाऊ दे.”

मी एका क्रेटवर उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. पडद्यावरचा बाप बूट बघतो, आपल्या गावातला बाप गाडी बघतो, सातबारा बघतो, जात बघतो. पडद्यावरचा बाप खुर्ची पुसून घेतो. आणि तुमच्या हातातल्या पेल्याच्या बुडाला लाल ठिपका कुणी लावला? ज्याचा शब्द बागेत चालतो तो घरात का चालत नाही? अशी पंधरा-वीस वाक्यं. मी चांगलं वाचते. कॉलेजात बक्षिसं मिळवली आहेत.

ठिपक्याचं वाक्य आलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या हातातल्या पेल्यांकडे पाहिलं. मग मावशींनी आपला पेला हळूच पदराखाली घेतला. शेजारच्या बाईनं तिचा क्रेटमागे ठेवला. लाज आबांना वाटावी म्हणून मी ते वाक्य लिहिलं होतं. पेला लपवला मावशींनी. हे मी त्या क्षणी पाहिलं. तरी पुढची पाच वाक्यं मी वाचली, कारण ती अजून उरली होती.

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“झालं का वाचून?” आबा म्हणाले.

“झालं.”

“आन एक इकडं.”

त्यांनी चष्मा लावला, पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्याची चार घड्यांची पट्टी केली आणि नव्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. “छपाई बरी केलीय तुझ्या बापानं,” म्हणाले. मग प्रोजेक्टरवाल्याला, “लाव रं फुडं.”

उरलेला पिक्चर सगळ्यांनी पाहिला. कुणी उठून गेलं नाही. बापाचेच बूट घालून सायकलवाला आला, बापानं सरबत दिलं. पडद्यावर सगळे धडपडत होते, वाजंत्री वाजत होती आणि शेडमध्ये ऐंशी माणसं हाताची घडी घालून बसली होती. विनोद न हसता पाहिला की किती केविलवाणा दिसतो! आबा ताठ बसले होते. पिक्चर संपला तसे उठले आणि कुणाशी न बोलता घराकडे गेले. शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

जाळ्या वर केल्यावर मावशी माझ्याकडे आल्या. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तुला काय वाटलं, आमाला ठावं न्हाय?”

“काय, मावशी?”

“आगं, पयल्या वर्सापासून ठावं हाय. त्यो बा म्हंजी आबाच. आमी खोपटात जाऊन आबाची नक्कल करतो. लई हसतो. हितंबी हसायचो, त्यो तिकडं बगून हसायचा, आमी त्याच्याकडं बगून हसायचो. आता फुडल्या वर्सी कसं हसनार?”

त्यांनी पदराखालचा पेला काढला, नळावर विसळला आणि बाकीच्या लाल ठिपक्यांच्या पेल्यांत पालथा ठेवला.

ताई मला शेडच्या मागे घेऊन गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली. पिक्चर संपल्यावर आबा मावशींना त्या दुसऱ्या खुर्चीवर बसवणार होते. आणि सगळ्यांसमोर विचारणार होते, तुमच्याकडं घर बघायला कधी येऊ? आमच्याकडे मुलीचा बाप मुलाचं घर बघायला जातो. त्यानं तसं विचारलं की निम्मं लग्न ठरलंच. सकाळी त्यांनी ताईकडून नवा सदरा काढून घेतला होता आणि म्हणाले होते, “चोरून कशाला इचारायचं? चार मान्सांत इचारतो. मागनं कुनी कुजबुजाय नको.”

“मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं.

“दम धर म्हणाले होते ना मी तुला,” ताई म्हणाली. “आणखी काय सांगायचं होतं?”

त्यानंतर आबांनी तो विषय काढला नाही आणि कुणी काढला तर ते उठून बागेत जात. लाल ठिपक्यांचे पेले त्यांनी त्याच आठवड्यात मोडीत काढले आणि सगळ्यांना सारखे आणले. म्हणजे माझं पत्रक वाया गेलं नाही, असं मी काही दिवस स्वतःला सांगितलं. ताई आणि डॉक्टरनं दोन महिने वाट पाहिली आणि रजिस्टर लग्नाची नोटीस दिली.

लग्नाच्या तीन दिवस आधी मी आबांकडे गेले. ते ओसरीवर छाटणीच्या कात्र्यांना तेल देत बसले होते. मी पाया पडले. माफी मागायची असं वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून मुद्देच यायला लागले. पत्रकामागचा हेतू काय होता, भाषा कुठे जास्त कडक झाली.

आबांनी मला थांबवलं. “कागद बरोबर व्हता,” म्हणाले. “म्या दहादा वाचला. चूक एकबी न्हाय त्यात.”

“मग चला ना, आबा. ताई वाट बघते आहे.”

“बरोबर हाय म्हनून तर येता येत न्हाय.” कात्री त्यांनी दोनदा उघडमीट केली. “तू हितं वसरीवर येऊन बोलली आस्तीस, तर मी भांडलो आस्तो. तुला हाकाललं आस्तं. दोन दिस जेवलो नस्तो. आन मंग गेलो आस्तो. मान्सानं कागद वाचून दावला, की फुडं त्या कागदापरमानं चालावं लागतंय. आता गेलो तर लोक म्हनतील, पोरीच्या कागदाला भ्याला. म्या माज्या मनानं जानार व्हतो. त्ये माजं ऱ्हायलं न्हाय.”

“लोकांना काय करायचंय, आबा?”

“आसं तू म्हनू नगंस. लोकांनाच वाटलास की तू.”

मी निघाले. फाटकापाशी ताईचा फोन आला. ती लग्नाच्या खरेदीला घोडेगावच्या बाजारात गेली होती, मागून टेम्पोचा हॉर्न ऐकू येत होता.

“काय म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“रागावले का?”

“नाही. अजिबात नाही.”

“मग नाही येत ते,” ताई म्हणाली. राग आला असता तर तो उतरला असता, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

ते आले नाहीत. साक्षीदारांच्या तीन सह्यांपैकी एक माझी आहे. सही करताना ताईनं दाराकडे दोनदा पाहिलं. डॉक्टरनंही पाहिलं. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं आणि त्या अधिकाऱ्यापुढच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या.

आता दोन हंगाम होऊन गेले. जेवण होतं, पिक्चर होत नाही. मावशींची टोळी दुसऱ्या बागेत जाते.

त्या पत्रकातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. जात बघणारा बाप मला आजही सहन होत नाही आणि पेल्याच्या बुडाचा ठिपका पुसलाच पाहिजे. पण एक माणूस आपल्या पायांनी उंबऱ्यापर्यंत आला होता. मी आपण होऊन त्याला मागून धक्का दिला, आणि त्याला ढकलून बाहेर काढल्याचं श्रेय माझ्या नावावर लागावं, एवढंच मला त्या क्रेटवर उभं राहून हवं होतं. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

ताई माझ्याशी बोलते. रागावलेली नाही. दिवाळीला मला फराळ पाठवते, माझे लेख वाचते, त्यातल्या चुकाही काढते. फक्त आता कुठलीही गोष्ट ती होऊन गेल्यावर सांगते. भाची झाली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आबांनी नातीला पाहिलं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. मागच्या महिन्यात धीर करून फोनवर विचारलं, “आबा येऊन गेले का गं तुझ्याकडे?”

“तुला कशाला?” ताई म्हणाली. अगदी सहज, हसतच म्हणाली आणि बाळाला भूक लागलीय म्हणून फोन ठेवला.

आले असतील. त्या डांबरी रस्त्यानं गाडी नेऊन, कुणाला न सांगता, आले असतीलही. नसतीलही. मला ते अजून माहीत नाही आणि या वेळी मी पुन्हा विचारलेलं नाही.